चौथा पाय : एका अंगाला बसलेल्या गाडीचे गणित

तिवई डुगडुगत नाही, चौरंग डुगडुगतो. सारवलेल्या जमिनीवर चौरंग मांडणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. चार पायांपैकी एकाखाली कागदाची घडी सारायची, तरीही तो हलला तर दुसऱ्या पायाखाली सारायची, हा उद्योग प्रत्येक घरात गणेशचतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी होतो. तीन पाय कसल्याही जमिनीवर टेकतात. चौथा पाय आला की तो टेकेल की नाही, आणि टेकला तर त्यावर किती भार येईल, हा स्वतंत्र प्रश्न उभा राहतो.

हा लेख मोटारीच्या सस्पेन्शनविषयी आहे. नेमके सांगायचे तर, उंची कमीजास्त करता येणारे सस्पेन्शन बसवल्यावर गाडी एका कोपऱ्याला खाली का दिसते आणि खरा दोष कसा शोधायचा, याविषयी. वाङ्मयीन अंकात हा विषय काहींना परका वाटेल. पण या प्रश्नाचे उत्तर समजायला लागणारे बहुतेक शब्द मराठीत आधीपासून आहेत आणि ते मोटारीच्याही आधीचे आहेत : पाणसळ, ओळंबा, ढाळ, आटे, पीळ, तिवई. सुतार, गवंडी आणि लोहार यांच्या तोंडचे हे शब्द नीट वापरले तर ज्या प्रश्नावर अनेक गॅरेजांत पैसे आणि दिवस वाया जातात, तो बराचसा सुटतो.

बांदा आणि रस्ता

बांदा हे सावंतवाडी तालुक्यातले, तेरेखोल नदीच्या काठचे बाजारपेठेचे गाव. मुंबई–गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा, बांद्यावरून पुढे पत्रादेवीला गोव्यात शिरतो. दोडामार्गचा रस्ता इथून फुटतो. जानेवारी २०२३पासून मोपाच्या विमानतळावर प्रवासी विमाने उतरू लागली आणि या टप्प्यावरची वर्दळ आणखी वाढली. आंबोली घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्या जवळच, आणि महामार्ग सोडून आत वळले की जांभ्याच्या तांबड्या मातीचे, पावसात खचणारे रस्ते.

अशा ठिकाणी सस्पेन्शन बदलून घेण्याची दोन कारणे असतात. काहींना गाडी उंच हवी असते, कारण वाडीतल्या वाटेवर खालचा भाग घासतो. काहींना ती खाली हवी असते, कारण तशी ती देखणी दिसते. दोघेही साधारण एकच वस्तू बसवतात. शॉकॲब्सॉर्बर, ज्याला आपल्याकडे सरसकट शॉकअप म्हणतात, त्याच्याच भोवती स्प्रिंग असते आणि शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर फिरणारी एक रिंग स्प्रिंगचे बूड पेलते. रिंग वर फिरवली की गाडी उचलली जाते, खाली फिरवली की बसते. या जोडणीला कॉइलओव्हर असे नाव आहे.

मग गाडी जॅकवरून उतरते, मालक चार पावले मागे सरकून बघतो आणि म्हणतो, "एका बाजूक बसली हा." मेकॅनिक पाना घेतो आणि जो कोपरा खाली दिसतो त्याची रिंग वर फिरवतो. हा लेख त्या पान्याच्या आधी काय करावे, याबद्दल आहे.

उंची बदलणे नवे नाही

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगचा नियम छापून प्रसिद्ध केला : जितका भार, तितका दाब, भार दुप्पट केला तर दाबही दुप्पट. घोडागाडीच्या कमानपाट्यांपासून आजच्या मोटारींपर्यंत सगळे या एका नियमावर चालते. मात्र स्प्रिंगची लांबी बाहेरून बदलता येणे ही सोय नंतरची.

आपल्याकडे ती अँबेसिडरमध्ये होती. १९५७-५८च्या सुमारास उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघू लागलेल्या या गाडीचा आराखडा मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीचा होता, आणि तिच्या पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पोलादाची लांब कांब होती. चाक वर उचलले की ती कांब पिळली जाई आणि तो पीळ गाडीला पेलून धरी. तिला टॉर्शन बार म्हणतात. तीच रचना पुढे टाटा सुमोत आणि टोयोटाच्या क्वालिसमध्ये आली. कोकणातल्या प्रवासी वाहतुकीने वर्षानुवर्षे या गाड्या वापरल्या. कांबेच्या टोकाच्या बोल्टाने तिचा पीळ वाढवता येतो, आणि त्यासरशी गाडीचे नाक वर येते. नाक बसले की बोल्ट आवळायचा, हे जुन्या मेकॅनिकांना सवयीचे होते.

या कांबांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. डावी आणि उजवी कांब दिसायला सारखी, मापाला सारखी, तरीही त्यांची अदलाबदल चालत नाही. कारखान्यातच त्यांना आपापल्या दिशेने आधी पिळून घेतलेले असते आणि पोलाद ती दिशा लक्षात ठेवते. उलट बाजूला घातलेली कांब लवकर बसते, कधी तुटते. म्हणून त्यांच्या टोकावर डावी-उजवीची खूण असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण इथे शब्दशः खरी आहे.

आधी जमीन

गाडी वाकडी दिसण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे जमीन वाकडी असणे. आपल्याकडे पाणी निचरण्यासाठी रस्त्याला मधून कडेकडे ढाळ देतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे जोराच्या पावसाच्या प्रदेशात डांबरी रस्त्याचा हा ढाळ साधारण शंभराला दोन ते अडीच असतो. गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर धरले, तर शंभराला दोनच्या ढाळावर डावे चाक उजव्यापेक्षा ३० मिलिमीटर खाली असते. आपण डावीकडून चालतो आणि डावीकडेच गाडी उभी करतो. म्हणजे रस्त्याकडेला उभी केलेली कोणतीही गाडी, अगदी शोरूममधून त्याच दिवशी निघालेली, डाव्या अंगाला तीन सेंटिमीटर कललेली असते. नव्या सस्पेन्शनच्या तक्रारी पुष्कळदा याहून लहान फरकाच्या असतात.

गॅरेजची फरशीही विश्वासाची नसते, कारण गाडी धुण्याचे पाणी जावे म्हणून तिलाही ढाळ दिलेला असतो. उपाय गवंड्याकडे आहे. चिऱ्याचे जोते समपातळीत आणायला तो जी पारदर्शक नळी वापरतो, तीच इथे वापरायची. आठ-दहा मीटरची नळी पाण्याने भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. तिचे एक टोक एका चाकाच्या जागी धरायचे आणि दुसरे पाळीपाळीने इतर तीन जागी न्यायचे. पाण्याची पातळी खोटे बोलत नाही. ज्या जागा खाली आहेत तिथे प्लायचे किंवा जाड पत्र्याचे तुकडे ठेवून चारही जागा पाणसळीत आणायच्या आणि जमिनीवर खडूने, जमले तर रंगाने, कायमच्या खुणा करायच्या. एका दुपारचे काम आहे. पुढे त्या चार खुणांवर कितीही गाड्या तपासता येतात.

उंची कुठून कुठे मोजायची, हेही ठरलेले हवे. जमिनीपासून मडगार्डच्या कमानीपर्यंत मोजले तर टायरची हवा आणि झीज हिशेबात शिरते. त्यापेक्षा चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत सरळ वर मोजावे. कमान ठोकून सरळ केलेली असेल, म्हणजे गाडीला कधी अपघात झालेला असेल, तर चेसिसवरच्या जुळ्या भोकांपासून जमिनीपर्यंतचे दुसरे माप घ्यावे. दोन मापे एकमेकांशी जुळली नाहीत, तर दोष सस्पेन्शनचा नसून पत्र्याचा आहे.

चालकाचे वजन आणि इतर खोटे दोष

पुढच्या हिशेबासाठी एक कल्पित गाडी घेऊ. वजन १००० किलो. पुढच्या दोन चाकांवर प्रत्येकी ३००, मागच्या दोन चाकांवर प्रत्येकी २००. चारही स्प्रिंगा सारख्या : चाकावर दोन किलो वाढले की एक मिलिमीटर दबणाऱ्या. खऱ्या गाडीचे आकडे वेगळे असतात, पण न्याय हाच असतो.

या गाडीत ७० किलोचा चालक उजवीकडे, मध्यापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर बसला, तर दीड मीटर रुंदीच्या हिशेबाने उजव्या दोन चाकांवर मिळून सुमारे ५१ किलो आणि डाव्या दोहोंवर १९ किलो वाढतात. उजवी बाजू डावीपेक्षा आठ मिलिमीटर खाली जाते. स्प्रिंगमध्ये काहीही दोष नाही, आणि तरी आठ मिलिमीटर. म्हणून गाडी मोकळी मोजायची की चालकासह, हे आधी ठरवावे. चालकासह मोजायची असेल तर आसनावर तेवढ्या वजनाचे पोते ठेवावे. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. चालक वजनदार असेल तर त्यावर तांदळाची पिशवी. पेट्रोलची ४० लिटरची टाकी भरली की ३० किलोंच्या आसपास वाढतात, तेव्हा टाकी दरवेळी सारखीच भरलेली असावी.

याशिवाय चार खोटे दोष आहेत. सस्पेन्शन बसवल्यानंतर पहिल्या तासात दिसणारा वाकडेपणा पुष्कळदा यांपैकीच एखाद्याचा असतो.

पहिला दोष जॅकचा. गाडी खाली सोडली की चाके आतल्या अंगाला ओढलेली राहतात, कारण टायर जमिनीवर आडवा घसरत नाही. त्या वेळी गाडी आहे त्याहून उंच दिसते आणि दोन बाजूंना ती सारखीच उंच राहील असे नाही. गाडी पाच-सहा मीटर पुढे-मागे ढकलावी, चारही कोपरे दोन-तीनदा दाबून सोडावेत आणि मगच मोजावे.

दुसरा रबरी बुशांचा. चाकाला धरणाऱ्या आडव्या दांड्या ज्या बुशांत बसतात त्यांचे बोल्ट चाक हवेत लोंबत असताना आवळले, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडले जाते. गाडी खाली आली की ते पिळले जाते आणि छोट्या स्प्रिंगसारखे गाडीला वर ढकलत राहते. एका बाजूचे बोल्ट हवेत आवळले आणि दुसऱ्या बाजूचे जमिनीवर, तर गाडी कलणारच. बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर आणावी, हलवावी आणि मग आवळावे. हे न केल्यास रबरही लवकर फाटते.

तिसरा दोष स्टॅबिलायझरचा. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ही आडवी कांब वळणावर गाडीला कलू देत नाही. तिच्या दोन टोकांचे दुवे कमीजास्त लांबीचे असतील, तर ती सरळ रस्त्यावरही एका बाजूला उचलते आणि दुसरीला दाबते. मोजताना एका टोकाचा दुवा सोडून ठेवावा. तो सोडताच गाडी सरळ झाली, तर गुन्हेगार सापडला.

चौथा स्प्रिंगच्या बैठकीचा. स्प्रिंगचे शेवटचे टोक खालच्या वाटीतल्या खाचेत नेमके बसावे लागते. ते खाचेवर चढले किंवा मधले रबर राहून गेले, तर पाच-दहा मिलिमीटर तिथेच जातात. काही गाड्यांत डावी-उजवी स्प्रिंग मुळातच वेगळी असते आणि तसे सांगणारा रंगाचा ठिपका तिच्यावर असतो. जुन्या स्प्रिंगा पुन्हा वापरताना कोकणात आणखी एक गोष्ट पाहावी : खालचा शेवटचा वेटोळा. तिथे चिखल साचतो, खारी हवा गंज चढवते आणि तो वेटोळा आतल्या बाजूने तुटतो. वाटीत अडकलेला तुकडा बाहेरून अखंड दिसतो. हात फिरवल्याशिवाय कळत नाही.

दिसायला सरळ, वजनाला वाकडी

आता मुख्य प्रश्न. वरचे सारे तपासून झाले आणि गाडी अजून कललेली आहे. कल्पित गाडीत असे धरू, की पुढच्या डाव्या चाकाची रिंग चुकून २० मिलिमीटर जास्त वर बसली आहे. बाकी तिन्ही बरोबर आहेत. काय दिसेल?

पहिला अंदाज असा, की पुढचा डावा कोपरा २० मिलिमीटर उचललेला दिसेल आणि बाकीचे जागच्या जागी असतील. तसे होत नाही. गाडीचा सांगाडा ताठ असतो. एक कोपरा उचलला की इतरांना हलावेच लागते. हिशेब केला तर पुढचा डावा कोपरा १५ मिलिमीटर वर जातो. पुढचा उजवा आणि मागचा डावा पाच-पाच मिलिमीटर वर येतात. आणि समोरचा कर्णावरचा कोपरा, म्हणजे मागचा उजवा, पाच मिलिमीटर खाली जातो. ज्याला कोणी हात लावलेला नाही, नेमका तोच बसतो.

वजनेही बदलतात. पुढच्या डाव्यावर १० किलो वाढतात आणि कर्णाने समोरच्या मागच्या उजव्यावरही १० वाढतात. दुसऱ्या कर्णावरच्या दोघांचे १०-१० कमी होतात. ३००, ३००, २००, २०० यांचे आता पुढे डावे ३१०, उजवे २९०, मागे डावे १९०, उजवे २१० झाले. बेरजा करून पाहा. पुढे अजून ६००, मागे अजून ४००, डावीकडे ५००, उजवीकडे ५००. वजनकाट्यावर गाडीचा पुढचा अर्धा भाग चढवा, मागचा चढवा, डावा चढवा किंवा उजवा. काट्याला फरक दिसणार नाही. तो फक्त दोन कर्णांत आहे : एकावर ५२०, दुसऱ्यावर ४८०.

आता मेकॅनिक काय करतो? त्याला मागचा उजवा कोपरा बसलेला दिसतो. तो त्याची रिंग वर फिरवतो, आणि गाडी पूर्ण सरळ दिसेपर्यंत फिरवतो. ती सरळ होते नेमकी २० मिलिमीटरवर. त्या क्षणी चारही कोपरे मूळ उंचीपेक्षा बरोबर १० मिलिमीटर वर, एकमेकांशी अगदी समान. पाणसळीत. मालक खूश, मेकॅनिक खूश. वजने मात्र अशी : पुढे डावे ३२०, उजवे २८०, मागे डावे १८०, उजवे २२०. मूळ दोष तसाच राहिला, त्याच्या जोडीला दुसरा आला आणि दोघांनी मिळून एकमेकांना झाकले. गाडी दिसायला सरळ आणि वजनाला वाकडी झाली.

याची किंमत पावसाळ्यात कळते. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की ज्या चाकावर कमी वजन आहे ते आधी घसरते. एबीएस नसलेल्या गाडीत ते चाक आधी बंद पडते. घाट उतरताना डावे वळण एका तऱ्हेने जाते आणि उजवे दुसऱ्या, आणि चालकाला गाडीत काहीतरी आहे एवढेच जाणवते. तो अलाइनमेंट करून घेतो, टायर बदलतो. सरळ उभ्या असलेल्या गाडीच्या उंचीवर कोणीच शंका घेत नाही.

याचे मूळ चौथ्या पायात आहे. तीन पायांच्या वस्तूवर कुठल्या पायाने किती भार उचलायचा, हे तिचे वजन कुठे आहे एवढ्यावरून ठरते. रिक्षाचे तसेच. तिच्या एका बाजूची स्प्रिंग बसली तर रिक्षा कलते, पण तीन चाकांवरची वजने जवळपास आहेत तीच राहतात आणि दोष उघडा दिसतो. चार पायांत मात्र एक हिशेब मोकळा राहतो, आणि तो भरून काढतात स्प्रिंगांच्या उंच्या. तिथेच चूक लपायला जागा मिळते.

मोठ्या गाड्या बनवणाऱ्यांनी हे कधीच ओळखले आहे. रात्री बांद्यावरून जाणाऱ्या गोवा–मुंबई मार्गावरच्या मोठ्या बसा पाहा. त्यांतल्या पुष्कळशा पोलादी पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांवर उभ्या असतात आणि उंची आपोआप राखतात. हवा सोडणारी-भरणारी झडप चार कोपऱ्यांना चार असेल असे वाटते. सर्वसाधारणपणे तीनच असतात : मागे दोन, पुढच्या दोन्ही चाकांना मिळून एक. चार लावल्या तर एक झडप भरेल आणि दुसरी सोडेल, आणि दोन्ही एकमेकींशी झगडत राहतील. १९५५च्या पॅरिस प्रदर्शनात आलेल्या सित्रोएन डीएस या फ्रेंच गाडीने तेल आणि दाबलेल्या वायूवर उंची राखण्याची किमया दाखवली. तिच्यातही उंची सांभाळणारे यंत्र प्रत्येक आसाला एकच होते. हवेवरच्या बसला अभियंत्यांनी अशी तिवई करून ठेवली. आट्यांच्या रिंगा चार असतात आणि चारही आपल्या हातात असतात. म्हणून ते काम आपल्याला करावे लागते.

गाडीची तिवई करणे

लपलेला दोष बाहेर काढायला वजनकाटा लागत नाही. गाडी क्षणभर तीन पायांवर उभी करायची.

पाणसळीतल्या खुणांवर गाडी उभी करावी, पुढच्या चाकांना पुढून-मागून अटकाव लावावा. मागच्या बाजूला, अगदी मधोमध, सांगाड्याच्या मजबूत आडव्या भागाखाली जॅक लावावा. तो मागच्या आसाखाली नको, सांगाड्याखालीच हवा. जॅक आणि सांगाडा यांच्यामध्ये लाकडाचा अरुंद ठोकळा ठेवावा, म्हणजे गाडीला डावी-उजवीकडे कलायला मोकळीक राहते. मागची चाके जेमतेम सुटेपर्यंतच उचलावे. या काळात गाडीखाली कोणी जाऊ नये, हातसुद्धा घालू नये. आता गाडी दोन पुढची चाके आणि एक जॅक अशा तीन पायांवर आहे. मागच्या स्प्रिंगांचे काही चालत नाही. डावी-उजवी उंची आता फक्त पुढच्या दोन स्प्रिंगा ठरवतात. पुढच्या दोन चाकांशी कमानीची उंची मोजून लिहून ठेवावी. मग गाडी उतरवून, पुढे-मागे ढकलून, हेच पुढच्या बाजूला करावे : अटकाव मागच्या चाकांना, जॅक पुढे मधोमध, माप मागच्या चाकांशी. चालकाच्या जागेचे पोते या तपासणीपुरते काढून ठेवावे.

आपल्या कल्पित गाडीत, दुसरी रिंग फिरवण्याआधी, काय दिसेल? चारही चाकांवर असताना डाव्या-उजव्यातला फरक पुढे १० मिलिमीटर आणि मागेही १०. ताठ सांगाड्यात दोन्हीकडे तो सारखाच येणार, म्हणून त्यावरून दोष पुढचा की मागचा हे कळत नाही. मागून उचलल्यावर पुढचा फरक २० होतो. पुढून उचलल्यावर मागचा फरक शून्य. निकाल स्वच्छ आहे : मागची जोडी निर्दोष, दोष पुढच्या जोडीचा. आणि जी गाडी 'दुरुस्त' करून सरळ दिसते तिच्यात काय दिसेल? मागून उचलल्यावर ती पुढे डावीकडे २० मिलिमीटर उंच, पुढून उचलल्यावर मागे उजवीकडे २० उंच. दोन परस्परविरुद्ध कल. जे चार पायांवर लपले होते ते तीन पायांवर लपत नाही.

जोडी कळली, तरी दोष रिंगचा की स्प्रिंगचा हा प्रश्न उरतो. रिंगखाली उघडे राहिलेले आटे दोन्ही बाजूंना मोजपट्टीने मोजावेत. डोळ्याने मोजू नयेत. आटे सारखे असून फरक राहिला तर त्या जोडीच्या स्प्रिंगा एकमेकींच्या जागी घालून पाहाव्यात. कल दुसऱ्या बाजूला गेला तर स्प्रिंग दोषी. कल जागेवर राहिला तर वाटी, दांड्या किंवा सांगाडा दोषी. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जखमी होतो, म्हणून हे काम स्प्रिंग दाबण्याचे योग्य अवजार असलेल्या जाणकाराकडूनच करून घ्यावे. टॉर्शन बारच्या गाडीत मात्र हा प्रयोग करू नये; कारण वर आलेच आहे, पीळ.

पाना उचलल्यावर

दोष शोधल्यावर दुरुस्ती छोटी असते. तीन गोष्टी सांभाळाव्यात.

एक, रिंगचे आटे आणि चाकाजवळची उंची एकास एक नसतात. स्प्रिंग चाकाला धरणाऱ्या दांडीच्या दोन तृतीयांश अंतरावर टेकलेली असेल, तर रिंग १० मिलिमीटर फिरवली की गाडी साधारण १५ उचलली जाते. उभ्या स्ट्रटच्या गाडीत हे प्रमाण जवळपास एकास एक असते. आपल्या गाडीचे प्रमाण एकदा मोजून वहीत लिहून ठेवावे.

दोन, सबंध गाडी वर-खाली करायची तर एकाच आसाच्या दोन्ही रिंगा सारख्या फिरवाव्यात. केवळ खाली दिसतो म्हणून एकच कोपरा कधीही फिरवू नये.

तीन, जॅकवरून उतरल्यावर पुन्हा ढकलणे, दाबणे, मोजणे. शे-दोनशे किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा मोजावे, कारण स्प्रिंग आणि रबर थोडे बसतात.

आट्यांची निगाही इथेच सांगतो. पोलादी नळीवर ॲल्युमिनियमची रिंग असेल तर खाऱ्या दमट हवेत दोन धातूंमध्ये गंज धरतो, त्यात जांभ्याचा चिखल भरतो आणि दोन पावसाळ्यांत रिंग हलेनाशी होते. पावसाळा संपला की आटे ब्रशने धुऊन, कोरडे करून ग्रीस लावावे.

उंची बदलल्याचे पडसाद इतरत्रही उमटतात. चाकांचा रोख बदलतो, म्हणून अलाइनमेंट उंची पक्की झाल्यावर करावे, आधी नाही. नाक वर गेले की हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. महामार्गावर रात्री याचा त्रास आपल्याला नव्हे, दुसऱ्याला होतो. काही गाड्यांत मागच्या आसाला जोडलेली एक झडप असते. मागचा भाग किती दबला आहे त्यावरून गाडीत किती माल आहे हे ती ओळखते आणि मागच्या ब्रेकला त्या मानाने जोर देते. मागची बाजू उचलली की ती झडप गाडी रिकामी समजते आणि मागचा ब्रेक कमी करते. पाच माणसे आणि सामान घेऊन आंबोली उतरणाऱ्या गाडीला हे परवडणारे नाही. ती झडप नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते.

शेवटची बाब कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. बसवण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घेतलेले बरे. विम्याच्या दाव्याच्या वेळीही हा प्रश्न निघतो.

आपल्याकडच्या मेकॅनिकांच्या हातात कसब आहे. आवाजावरून बुश ओळखणारी, स्टिअरिंगवर दोन बोटे ठेवून चाकाचा रोख सांगणारी माणसे या पट्ट्यात आहेत. त्यांना कमी पडते ते चार सपाट खुणांचे, पाण्याच्या नळीचे आणि मापे लिहायच्या वहीचे. तीन वस्तू मिळून एका टायरच्या किमतीतही येणार नाहीत. गाडी मालकाच्या ताब्यात देताना चार कोपऱ्यांची उंची, रिंगांचे उघडे आटे आणि तिवईची दोन मापे एका कागदावर लिहून दिली, तर पुढच्या पावसाळ्यात गाडी बसली म्हणून ती परत येईल तेव्हा कशाशी ताडून पाहायचे, ते दोघांनाही माहीत असेल.